‘हे तर मला येत होतं!’ : क्विझ शो आणि सोफ्यावरचा स्पर्धक

प्रश्न असा आहे : ‘आमच्या घरी टीव्हीवरचा क्विझ शो सगळे मिळून बघतात आणि दर वेळी भांडण ठरलेलं. बाबा म्हणतात प्रश्न बालवाडीचे झालेत. आई म्हणते प्रश्न कमी आणि रडारड जास्त. भावाच्या मते सगळं आधीच ठरलेलं असतं. तुम्ही या कामात आहात, यातलं खरं किती?’

बावीस वर्षं झाली, मी क्विझ शोंसाठी प्रश्न लिहितो, आणि त्याहून जास्त वेळ दुसऱ्यांनी लिहिलेले प्रश्न तपासण्यात घालवतो. प्रेक्षकांची पत्रं आणि मेल वाचायचं काम कोणालाच नको होतं, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं आणि तिथेच राहिलं. त्यामुळे तुमचे बाबा, आई आणि भाऊ, तिघांनाही मी चांगला ओळखतो. तिघांच्या तक्रारी वेगळ्या दिसतात, पण माझ्या मते दुखणं एकच आहे. या तिघांना कार्यक्रम बघायचा नसतोच, खेळायचा असतो. जिथे जिथे कार्यक्रम त्यांना खेळू देत नाही, तिथे तिथे ते चिडतात.

मालिका बघताना कोणी पडद्याकडे बघून ‘ब! ब! अरे ब!’ असं ओरडत नाही. क्विझमध्ये ओरडतात, आणि उत्तर बरोबर आलं की लगेच घरातल्यांकडे वळून बघतात. त्या वळून बघण्यासाठी आमचा सगळा खटाटोप चालतो.

आधी बाबांचं घेऊ. प्रश्न सोपे झालेत का? सुरुवातीचे प्रश्न सोपे असतात हे खरं आहे आणि ते मुद्दाम असतात. १९९८ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या आणि ३ जुलै २००० पासून ‘कौन बनेगा करोडपती’ म्हणून आपल्याकडे आलेल्या प्रकारात प्रश्नांची शिडी आहे. पहिल्या काही पायऱ्या घरातल्या लहानात लहान माणसाला चढता आल्या पाहिजेत, नाहीतर सातव्या पायरीपर्यंत खोलीत एकटे बाबाच उरतील. पण बाबा त्या चार प्रश्नांवरून अख्ख्या कार्यक्रमाचं माप काढतात. वरचे प्रश्न सोपे वाटण्याचं कारण मात्र वेगळं आहे, आणि मला ते जास्त गमतीचं वाटतं.

पर्याय समोर असले की उत्तर ‘ओळखावं’ लागतं, ‘आठवावं’ लागत नाही. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हर्षवर्धन नवाथे २००० साली पहिले करोडपती झाले, तेव्हाचा शेवटचा प्रश्न घ्या : संसद सदस्य नसतानाही संसदेच्या कामकाजात भाग घ्यायची परवानगी राज्यघटना यांपैकी कोणाला देते? उत्तर आहे महान्यायवादी, म्हणजे ॲटर्नी जनरल. अनुच्छेद ८८ मध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे : बोलता येतं, मत देता येत नाही. आज हे वाचून तुम्ही म्हणाल, ‘हे नागरिकशास्त्रात होतं की!’ होतं. पण एक कोटी पणाला लागलेले असताना सॉलिसिटर जनरल आणि ॲटर्नी जनरल शेजारी शेजारी ठेवले, की नागरिकशास्त्राचं पुस्तक कुठल्या कुठे जातं. आणि एकदा उत्तर कळलं की ते आपल्याला आधीपासूनच येत होतं असं मन शपथेवर सांगतं. यात खोटेपणा नाही, मनाची घडणच तशी आहे.

बाबांसाठी एक प्रयोग सुचवतो. पुढच्या भागाला कागद-पेन घेऊन बसा. प्रश्न वाचून होताच, पर्याय यायच्या आत, उत्तर लिहायचं. लिहिलं नाही तर ते येत नव्हतं, असं धरायचं. पर्याय आल्यावर बदलायचं असेल तर शेजारी वेगळ्या रकान्यात लिहायचं. तासाभराने दोन्ही रकाने मोजा. मी हा प्रयोग आमच्याच प्रश्न लिहिणाऱ्या टोळीवर केला आहे. पहिल्या रकान्यातले आकडे बघून दोन दिवस कोणी कोणाशी नीट बोललं नाही.

चुकीचे पर्याय लिहिणं हेच आमच्या कामातलं खरं कसब आहे, पण त्याबद्दल आजवर एकही पत्र आलेलं नाही. बरोबर उत्तर एका मिनिटात सापडतं. बाकीचे तीन असे लागतात, की ते निःसंशय चूक असतील आणि तरीही कोणालातरी खरे वाटतील. खरा वाटेल असा पर्याय शोधता शोधता बरेचदा खराच पर्याय सापडतो, आणि मग प्रश्न फाडून टाकावा लागतो. ‘जगातला सर्वांत उंच पर्वत कोणता’ हा प्रश्न मी उघडा असा कधीच जाऊ देत नाही. समुद्रसपाटीपासून मोजलं तर एव्हरेस्ट, समुद्राच्या तळाशी असलेल्या पायथ्यापासून मोजलं तर हवाईचा मौना केआ, आणि पृथ्वीच्या केंद्रापासून शिखर किती दूर हे बघितलं तर इक्वाडोरचा चिंबोराझो. प्रश्नात ‘समुद्रसपाटीपासून’ हा एक शब्द घातला नाही, तर दुसऱ्या दिवशी माझी डाकपेटी भरते. ‘यांपैकी’ हा शब्द तुम्हाला प्रश्नाप्रश्नात ऐकू येतो ना? ते आमचं चिलखत आहे.

चिलखत असूनही बाण लागतातच. १९९९ साली ब्रिटनच्या मूळ कार्यक्रमात विचारलं होतं : टेनिसमध्ये एक सेट जिंकायला खेळाडूला चेंडू कमीत कमी किती वेळा मारावा लागतो? स्पर्धकाने २४ सांगितलं, कार्यक्रमाने ते बरोबर धरलं. हिशोब वरवर सरळ आहे : सहा गेम, प्रत्येकी चार गुण. पण सहापैकी तीन गेममध्ये सर्व्हिस समोरच्याची असते. त्याने प्रत्येक गुणाला डबल फॉल्ट केला, म्हणजे लागोपाठ दोन सर्व्हिस चुकवल्या, तर तुम्हाला रॅकेट हलवायचीही गरज नाही. म्हणजे उत्तर १२. प्रश्न लिहिणाऱ्याच्या, तपासणाऱ्याच्या आणि सूत्रसंचालकाच्या नजरेतून सुटलेली गोष्ट प्रेक्षकांनी पकडली. स्पर्धकाचे पैसे मात्र परत घेतले नाहीत, आणि ते योग्यच झालं. चूक विचारणाऱ्याची होती.

उलटा प्रकार २००६ चा. त्याच कार्यक्रमात शेवटच्या प्रश्नावर एका जोडप्याला अमेरिकेच्या बोधवाक्याचा लॅटिनमधून अनुवाद विचारला. त्यांनी ‘देवावर आमचा विश्वास आहे’ या अर्थाचं वाक्य निवडलं आणि ते चूक ठरलं, कारण अपेक्षित उत्तर होतं ‘अनेकांतून एक’. पण १९५६ पासून अमेरिकेचं अधिकृत बोधवाक्य पहिलंच आहे. लॅटिन वाक्य राजमुद्रेवर आहे. प्रश्न संदिग्ध ठरला आणि गेलेली रक्कम त्यांना परत मिळाली. प्रश्न लिहिणाऱ्याची त्या आठवड्यात काय अवस्था झाली असेल, याची मला पूर्ण कल्पना आहे.

आता तुमच्या भावाचं, ‘सगळं ठरलेलं असतं’. हा आरोप हवेतून आलेला नाही. अमेरिकेत १९५० च्या दशकात तो शब्दशः खरा होता. ‘ट्वेंटी-वन’ नावाच्या कार्यक्रमात स्पर्धकांना काचेच्या बंद खोक्यात उभं करत, म्हणजे बाहेरचं काही ऐकू येऊ नये. पण उत्तरं आत जायच्या आधीच दिलेली असत. हर्बर्ट स्टेम्पेल याला हरायला सांगितलं गेलं, तेही १९५५ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करच्या प्रश्नावर. ‘मार्टी’ हे उत्तर त्याला पक्कं येत होतं, तो त्याचा आवडता चित्रपट होता. त्याच्या जागी आलेला देखणा प्राध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन देशभर गाजला, आणि नोव्हेंबर १९५९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे त्याने सगळं कबूल केलं. पुढच्याच वर्षी क्विझमध्ये अशी लबाडी करणं कायद्याने गुन्हा ठरलं.

या प्रकरणातला माझ्या दृष्टीने सर्वांत बोलका तपशील फारसा कोणी सांगत नाही. त्या कार्यक्रमाचा १९५६ मधला पहिला भाग प्रामाणिक होता. कोणाला काही पढवलेलं नव्हतं. आणि तो साफ पडला, कारण दोन्ही स्पर्धकांना प्रश्नामागून प्रश्न येईनात. प्रायोजक भडकला, आणि मग उत्तरं वाटायला सुरुवात झाली. म्हणजे लबाडी कोणाला जिंकवण्यापेक्षा प्रेक्षक कंटाळू नये म्हणून जन्माला आली. प्रश्नांची काठिण्यपातळी धड बसवली असती, तर ती वेळच आली नसती. ते काम त्यांनी सोडलं आणि सोपा मार्ग धरला.

मी जिथे जिथे काम केलं, तिथे प्रश्नांच्या पेढीत हात घालणारी माणसं आणि स्पर्धकांना भेटणारी माणसं वेगळी असतात. दोघांना एकत्र चहाही घेऊ देत नाहीत. प्रश्न लिहिणाऱ्याला त्याचा प्रश्न कोणापुढे येणार हे माहीत नसतं, आणि स्पर्धक हॉटेलवरून स्टुडिओत येतो तो फोन जमा करूनच. लबाडी उरते ती बहुधा स्पर्धकाच्या बाजूने. सप्टेंबर २००१ मध्ये ब्रिटनमध्ये चार्ल्स इंग्रॅम हा लष्करी मेजर दहा लाख पौंड जिंकला. पर्याय म्हणता म्हणता बरोबर पर्यायाशी नेमका पाळीची वाट बघत बसलेल्या स्पर्धकांतून खोकला येत होता. संशय निर्मात्यांच्याच माणसांना आला, धनादेश थांबवला गेला आणि २००३ मध्ये न्यायालयाने त्याला, त्याच्या पत्नीला आणि खोकणाऱ्या त्या स्पर्धकाला दोषी ठरवलं. पुढे टीव्हीवर ते चित्रण दाखवलं, तेव्हा खोकल्याचा आवाज वाढवलेला होता. लोक विचारतात, ‘एवढं ढळढळीत कसं कळलं नाही?’ स्टुडिओत खोकला सतत चालू असतो, कारण दिव्यांच्या उष्णतेवर उतारा म्हणून वातानुकूलन इतकं वाढवलेलं असतं की माणसं गारठतात. आमच्या एका चित्रीकरणात एक गृहस्थ बिचारे ॲलर्जीने खोकत होते. त्यांना तीन वेळा जागा बदलायला लावली.

तरी भावाला मी पूर्ण चूक म्हणणार नाही. त्याला काहीतरी खोटं वाटतं, आणि तसं वाटण्याजोगं तिथे असतं : संकलन. स्पर्धक एका प्रश्नावर सहा मिनिटं घाम गाळतो, प्रक्षेपणात ती पन्नास सेकंदांची होतात. किंवा उत्तर पटकन दिलेलं असतं, पण मध्ये संगीत, चेहरे आणि जाहिरातींची सुट्टी घालून ते ताणलं जातं. पापणी मिटली ती दुसऱ्याच प्रश्नावर असू शकते. उत्तर तेच असतं, निकाल तोच असतो, पण वेळ खरी नसते. प्रेक्षकाचं शरीर हे ओळखतं. सोबत खेळणाऱ्याला ठेका लागलेला असतो, ठेका मोडला की त्याला बनाव वाटतो.

आईची तक्रार मला सर्वांत वजनदार वाटते. हिशोब मांडून बघा. ‘जेपर्डी’ हा अमेरिकी कार्यक्रम १९६४ मध्ये सुरू झाला. जाहिराती वगळता त्याला जेमतेम बावीस मिनिटं मिळतात, आणि त्यात जास्तीत जास्त ६१ प्रश्न येतात. शिडीच्या प्रकारात तासाभरात त्याच्या पावही प्रश्न होत नाहीत. उरलेल्या वेळात कहाणी असते. स्पर्धकाचं गाव, कर्ज, आजारी वडील, पडद्यामागून अचानक पुढे येणारी शाळेतली बाई.

कहाणीला माझा विरोध नाही. शिडीच्या खेळात समोरच्या माणसासाठी ही रक्कम काय आहे हे कळलं नाही, तर ‘खेळू की थांबू’ या निर्णयाला अर्थच उरत नाही. बारा लाखांवर थांबणारा माणूस भित्रा की शहाणा, हे त्याच्या कर्जावर ठरतं. म्हणून पहिल्या प्रश्नाआधी कहाणी चालेल, टप्पा गाठल्यावरही चालेल. प्रश्न पडद्यावर आल्यापासून उत्तर लॉक होईपर्यंतचा वेळ मात्र सोफ्यावरच्या स्पर्धकाचा असतो, तिथे कोणी घुसू नये. बैठकींमध्ये मी या एका नियमासाठी जितका भांडलो, तितका मानधनासाठीही भांडलो नाही. बहुतेक वेळा हरलो. कहाणीच्या मिनिटांना रेटिंग चढलेलं दिसतं आणि तो आलेख समोर ठेवला की माझं बोलणं संपतं. त्या मिनिटांत रागाने स्वयंपाकघरात निघून गेलेली तुमची आई कुठल्याच आलेखात दिसत नाही, कारण टीव्ही चालूच असतो.

पत्रांत आणखी एक मत फार येतं : ‘तिसऱ्या स्पर्धकाला काहीच येत नव्हतं, त्याला घेतलाच कशाला?’ बझरच्या खेळात, म्हणजे आधी बटण दाबेल त्यानेच उत्तर द्यायचं अशा खेळात, हे निदान बहुतेक वेळा चुकीचं असतं. ‘जेपर्डी’मध्ये प्रश्न पूर्ण वाचून होण्याआधी बटण दाबलं तर पाव सेकंद तुमचं बटण बंद पडतं. तिघांनाही उत्तर येत असतं, तेव्हा जिंकतो तो ठेका पकडणारा. गप्प दिसणारा माणूस अनेकदा अंगठा दाबून दाबून थकलेला असतो. केन जेनिंग्ज २००४ मध्ये सलग ७४ खेळ जिंकला त्यात स्मरणशक्ती होतीच, पण अंगठाही होता. आणि तो हरला तो कसा? प्रश्न होता : या कंपनीचे ७०,००० हंगामी कार्यालयीन कर्मचारी वर्षातून चारच महिने काम करतात. त्याने कुरिअर कंपनीचं, फेडेक्सचं नाव घेतलं. उत्तर होतं एच अँड आर ब्लॉक, करविवरणपत्रं भरून देणारी कंपनी. चार महिने म्हणजे करभरणीचा हंगाम. हे पाठ करून येत नाही, बसल्या जागी सुचावं लागतं. मला असे प्रश्न लिहिता आले तर आठवड्याला एक पुरे.

इतक्या परस्परविरोधी मतांचं आम्ही करतो काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगतो, कारण त्याचं उत्तर कार्यक्रमातच आहे. प्रेक्षकांचा कौल घेतात ती लाइफलाइन आठवा. समजा शंभर माणसं आहेत आणि उत्तर फक्त वीस जणांना माहीत आहे. उरलेले ऐंशी अंदाजाने बटण दाबतात, तर चार पर्यायांवर वीस-वीस असे विखुरतात. बरोबर पर्यायाला चाळीस, बाकीच्यांना वीस. म्हणजे ऐंशी टक्के लोकांना काही येत नसतानाही कौल बरोबर लागतो. तो फसतो कधी? एखादा चुकीचा पर्याय सगळ्यांना एकाच दिशेला ओढतो तेव्हा. ऑस्ट्रेलियाची राजधानी विचारून पर्यायात सिडनी ठेवा आणि मजा बघा.

पत्रांचंही तेच. ‘फार सोपं’ आणि ‘फार कठीण’ ही पत्रं एकमेकांना खाऊन टाकतात, त्यातून काही उरत नाही. पण ‘पर्याय इतके झटकन येतात की विचारच करता येत नाही’, ‘सूत्रसंचालक बरोबर पर्याय वाचताना थांबतो, उत्तर फुटतं’ अशी पत्रं एकाच ढिगात साचत जातात. दुसऱ्या तक्रारीवरून आम्ही एका कार्यक्रमात सूत्रसंचालकाच्या पडद्यावर उत्तर दाखवणंच बंद केलं. लॉक होईपर्यंत त्यालाही कळत नसे. त्याने आधी कुरकुर केली, मग म्हणाला की आता तोही घरी बसल्यासारखा खेळतो. स्पर्धकाच्या उच्चारांवर आणि कपड्यांवर येणारी पत्रं मी वाचून फाडतो. ती क्विझबद्दल नसतात.

चूक दाखवायची असेल तर भाग कोणता, प्रश्न कोणता आणि तुमचा आधार कोणता, एवढं लिहा. राग लिहायची गरज नाही, तो गृहीत धरलेला असतो. अशा एका पत्राने माझी झोप घालवली होती. २०२३ च्या मार्चमध्ये आम्ही एक भाग चित्रित केला. प्रश्न : सूर्यमालेत सर्वाधिक ज्ञात चंद्र कोणत्या ग्रहाला आहेत? २०१९ पासून शनी पुढे होता, ८२ चंद्रांसह. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये गुरूचे नवे चंद्र मोजले गेले आणि गुरू ९२ वर गेला. मी खूश होतो, इतका ताजा प्रश्न! स्पर्धक शनी म्हणाला आणि घरी गेला. भाग जूनमध्ये दाखवला. मध्ये मे महिन्यात शनीचे इतके नवे चंद्र मान्य झाले की तो १४६ वर जाऊन पुन्हा पहिला झाला. म्हणजे प्रक्षेपणाच्या रात्री अख्खा देश बघत होता की बरोबर उत्तर देणाऱ्या माणसाला आम्ही बाहेर काढतोय.

सातवीतल्या एका मुलीचं पत्र आलं, वहीच्या पानावर, दोन्ही तारखांसह. नियमाप्रमाणे चित्रीकरणाच्या दिवशीचं उत्तर धरतात, त्यामुळे त्या स्पर्धकाला परत बोलावलं नाही. मी दोनदा विनंती केली, दोन्ही वेळा नकार मिळाला. तेव्हापासून एवढं झालं, की ज्याचा आकडा बदलू शकतो अशा प्रत्येक प्रश्नाखाली चित्रीकरणाचा महिना पडद्यावर येतो. त्या मुलीला मी उत्तर पाठवलं होतं. मार्च २०२५ मध्ये शनीचे आणखी १२८ चंद्र मान्य झाले, त्या आठवड्यात तिचं दुसरं पत्र आलं. त्यात एकच आकडा होता : २७४.